आपणचा पक्ष

३ तारीख, सोमवार
प्रूफखोली, दुपारची सुट्टी

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी सहा अंगं खुर्चीत अडकली आहेत, उरलेल्या दोहोंचा स्वीकार व्हावा.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा ठीक नाही, पण तो कधीच ठीक नव्हता. ती तुझ्या सभा टीव्हीवर आवाज बंद करून बघते. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, "तो बारीक झालाय का एवढंच बघायचंय मला. त्याला आवाज कशाला लागतो?" बारीक झालेला नाहीस. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्यामुळे तसा भास होतो.

तुझं पत्र पोचलं. पक्षाच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, खाली "कळावे, आपला नम्र" आणि सही. सख्ख्या बहिणीला आपला नम्र! पाकीट आईनंच उघडलं, तिला वाटलं वीजबिलाची तक्रार निकालात निघाली. पत्रात कामाचं वाक्य एकच आहे: "बालपणीची ती वही प्रदर्शनासाठी तातडीने हवी आहे." बाकीच्या दीड पानात आईच्या तब्येतीची चौकशी आहे आणि ती तू लिहिलेली नाहीस, कारण त्यात "मातोश्री" असा शब्द आहे.

वहीकडे येते. आधी एक गंमत ऐक.

गेल्या गुरुवारी तुमचा जाहीरनामा आमच्या छापखान्यात आला. तसे सगळ्याच पक्षांचे येतात, त्यामुळे देशात ऱ्हस्वदीर्घ कुणाकुणाला येत नाही हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आमच्याकडे मुख्य मुद्रितशोधक आहेत, त्यांना सगळे काना म्हणतात. उंच, सरळ, कुणाच्याही शेजारी उभे राहिले तर त्या माणसाचा उच्चार बदलेल असे. त्यांनी मुखपृष्ठावर तुमच्या पक्षाचं नाव, "आपणचा पक्ष", बघितलं, लाल पेनाचं टोपण काढलं आणि चौसष्ट पानांत एकशेबारा ठिकाणी "आपणचा" खोडून "आपला" केलं. मग शांतपणे डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तुमचा प्रचारवाला आला. गॉगल डोक्यावर, म्हणजे केसांना ऊन लागत असणार.

"हे कुणी केलं?"

"व्याकरणानं," काना म्हणाले.

"अहो काका, ती चूक मुद्दाम आहे!"

"असं होय? मग बाकीच्या चुकांपैकी मुद्दाम नसलेल्या कुठल्या, तेवढ्यांवर खूण करून द्या. मी त्याच काढतो."

प्रचारवाल्याला विनोद कळला नाही. तो खुर्ची ओढून बसला आणि समजावायला लागला की हा शब्द साहेबांनी स्वतः, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी, एका वहीत लिहिला. साहेबांनी तेव्हाच वेगळ्या इतिहासाचं स्वप्न बघितलं होतं. लोकांना शब्द भावतो, निरागस वाटतो, सर्व्हे केलाय. "साहेबांच्या काळजातली चूक आहे ती," असं तो म्हणाला. देवाशप्पथ असंच म्हणाला. मी उठून बाहेर गेले आणि कागदाच्या रिळांमागे उभी राहून हसले. नंतर हसू थांबलं, तरी तिथेच उभी राहिले.

दादा, तू तेव्हा तेरा वर्षांचा होतास. आठ-नऊ वर्षांच्या आम्ही दोघी होतो.

तुझी मुलाखत वाचली. "मी एकटाच गच्चीवर बसून पक्ष काढायचो." आपल्या घराला गच्ची नव्हती रे. निदान पत्र्याचं छप्पर तरी म्हणायचंस. तुला आठवत नसेल तर मी सांगते काय होतं ते.

आपल्या देशात माणूस आधी रकान्यात पडतो, मग पाळण्यात. किनारी, डोंगरी, बोटकर, मिश्र. एकेका रकान्याचा एकेक पक्ष, आणि त्या पक्षाचं काम एवढंच की दर पाच वर्षांनी सांगायचं, बाकीचे तीन रकाने आपल्या रकान्यात घुसतायत. शाळेत हेच इतिहास म्हणून शिकवायचे. मला कंटाळा आला आणि मी वहीत वेगळा इतिहास सुरू केला. त्यात शंभर वर्षांपूर्वीच्या पहिल्या गणनेत छापखान्यातल्या माणसाला डुलकी लागते आणि अर्जावर वंशाचा रकाना छापायचाच राहून जातो. बस. एवढीच चूक. पुढे कुणाला कळेचना की आपण नक्की कोण आणि भांडायचं कुणाशी. पण माणसं ती माणसंच. त्यांनी दुसरी कारणं शोधली.

म्हणून पक्ष. माझा डावखुऱ्यांचा पक्ष, निशाणी डावी चप्पल, मागणी: देशातल्या सगळ्या कात्र्या उलट्या करा. मी डावखुरी नव्हते. पण ज्यांच्यावर अन्याय झालाय त्यांच्या वतीनं बोललं की आपण आपोआप उंच दिसतो, हे मला नवव्या वर्षीच कळलं होतं. तुला जरा उशिरा कळलं. तुझी उशिरा उठणाऱ्यांची आघाडी, निशाणी उशी, मागणी: सूर्यानं नऊच्या आधी उगवू नये.

आणि तिसरा पक्ष टिंबीचा.

टिंबी, दादा. मागच्या खोलीतली. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. बोटकर. दोघी आपल्याकडे पोटभाडेकरू. टिंबीला आपली भाषा सातव्या वर्षी मिळाली, तीही रस्त्यावर, त्यामुळे ती प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायची. तिला वाटायचं, नाही दिलं तर अक्षर बोडकं राहतं. आणि आम्ही वेगळं, आपण वेगळं, हे तिच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. "काल आपण मावशीकडे राहिलो," असं ती समोरच्या शिंपीणबाईंना सांगायची, आणि शिंपीणबाई म्हणायच्या, "अगं मी कुठे आले होते?" एकदा ती म्हणाली, "उद्या आपल्याला इंजेक्शन आहे," तर तू लगेच बाही वर करून दंड पुढे केलास. ती इतकी हसली की तिला उचकी लागली.

तिच्या पक्षाचं नाव आपणचा पक्ष. निशाणी पायरी. तुझ्या पोस्टरवर पायरी म्हणजे प्रगती, वर जाणारा बाण वगैरे. तिच्या वहीतली पायरी बसायची होती. जाहीरनामा एका ओळीचा, अजून जसाच्या तसा दिसतो: "कुंणीं बांहेंरं उंभं रांहांयंचं नांहीं."

चौसष्ट पानं नाहीत. एक ओळ.

मतदार तिघंच. दर शनिवारी निवडणूक, प्रत्येक जण स्वतःला मत देणार, निकाल दर वेळी एक-एक-एक. पंधरा आठवडे त्रिशंकू.

आता कामाचं. गेल्या महिन्यात टिंबी छापखान्याच्या फाटकाशी आली. चेहऱ्यावरून ओळखलं असं सांगायला आवडलं असतं, पण फाटकावरच्या वहीत तिनं लिहिलेल्या नावावर एक टिंब जास्त होतं, त्यावरून ओळखलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासते. आई गेली तिची. मी विचारलं, कुठे असतेस? ती म्हणाली, "आम्ही अजून खाडीपलीकडच्या वस्तीतच आहोत."

आम्ही. बरोबर वापरलंन. बावीस वर्षांत कुणीतरी तिची चूक दुरुस्त केली होती.

आपल्या लहानपणी घरोघर जी गणना झाली तिच्यातून जे सुटले त्यांना आता नाव लावून घेता येतंय, हे तुला माहीत असेलच. मुदत एकतीस तारीख. नाव लागलं तर तिला शहरात घर घेता येईल, मत देता येईल. नाही लागलं तर वस्तीच उठवणार आहेत, ती कुठे जाईल ते तिलाही माहीत नाही. दोन गोष्टी लागतात. एक, त्या काळातला लेखी पुरावा. शाळेचं हजेरीपुस्तक वाळवीनं खाल्लं. पण वहीत एक पान आहे, बाईंनी वर्गात वही जप्त केली तेव्हाचं. लाल शाईत: "अभ्यास सोडून पक्ष काढतात. दोघी एकाच घरातून येतात, पालकांनी एकत्र भेटावे." खाली दोघींची नावं, तारीख आणि शाळेचा शिक्का.

दुसरी गोष्ट, त्या घरच्या गणनेच्या चिठ्ठीवर माहिती देणारा म्हणून ज्याचं नाव आहे त्याची दुरुस्तीवर सही. आपल्या घरच्या चिठ्ठीवर नाव तुझं आहे.

तेव्हा सही दे. वही तिचं काम झालं की तुझी, मखरात बसव. त्या दिवशी काय झालं, कसं झालं, ते मी उकरत नाही. मला नीट आठवतही नाही.

आईला स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिही. "मातोश्री" नको.

तुझी
धाकटी


१४ तारीख, शुक्रवार

दादा,

नमस्कार. आईचा गुडघा तसाच.

तुझं उत्तर प्रचारवाल्यानं आणून दिलं. या वेळी हातानं लिहिलंस, अक्षर बघून बरं वाटलं. मजकूर वाचेपर्यंत.

"सही देतो, पण निवडणुकीनंतर." मतदान पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला, मुदत या महिन्याच्या एकतीसला. कॅलेंडर तुझ्याही घरी असेल. "आत्ता एका बोटकर बाईच्या अर्जावर माझी सही दिसली तर किनारी मतं फुटतील." म्हणजे सगळ्या रकान्यांचा पक्ष काढायचा आणि एका रकान्यातल्या एका बाईच्या बाजूनं उभं राहायचं नाही, कारण दुसरा रकाना बघतोय. दादा, जुने पक्ष बरे होते. ते निदान तोंडावर सांगायचे, तू आमच्यातली नाहीस, चल हो बाहेर. तू "या, बसा" म्हणून पायरीचं चित्र दाखवतोस.

"वही माणसाबरोबर पाठव. मधली काही पानं काढून." मधली पानं म्हणजे टिंबीची ना? ती काढल्यावर वहीत काय उरतं माहितीये? एक डावी चप्पल आणि एक उशी. लाव प्रदर्शनात.

तुमच्या उमेदवारांची यादीही मीच तपासली. चाळीस नावं. त्यांत बोटकर दोन, दोघांनाही अशा जागा दिल्यात जिथे तुमच्या पक्षाचं पोस्टर सकाळी लावलं तर दुपारी शेळी खाते. डोंगरी चार, त्यांतले तीन एकाच घरातले. प्रचारवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, प्रतिनिधित्व हे प्रतीकात्मक असतं." मी म्हटलं, मग पगारही प्रतीकात्मक घेता का? तो काना बसले होते त्या दिशेनं मदतीसाठी बघायला लागला. काना पेनाला टोपण लावत होते. त्यांना इतका वेळ लागत नाही एरवी.

मग जाहीरनाम्याचं पान चौदा.

"आपण सगळे एका घरात राहू," अशी ओळ आहे आणि "आपण"वर एक चांदणी. खाली बारीक टायपात टीप: "आपण म्हणजे अनुसूची दोनमध्ये विधिवत नोंद असलेले सर्व नागरिक." काना एक्केचाळीस वर्षं प्रुफं वाचतायत. त्यांनी पान उजेडात धरलं, चष्मा काढून पुसला, परत धरलं.

"आपणला तळटीप?" ते म्हणाले. "पोरी, मी मृत्युपत्रं वाचलीत, भावाभावांतली वाटणीपत्रं वाचलीत. आपणला तळटीप कधी बघितली नाही."

"काय करायचं?"

"तू सांग. तुझा भाऊ."

मी म्हटलं, छापू दे. व्याकरणाची चूक नाही त्यात.

ती तळटीप तू लिहिलीस की वकिलानं, ते विचारत नाही. टिंबीला ती टीप लागू होते, तुझ्याच लक्षात आलं नसेल असं मी एक दिवस समजून बघितलं. एका दिवसात दमले.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ: "त्या दिवशी दारात कोण काय म्हणालं ते तुला माहीत आहे. मी अजून कुणाला काही बोललेलो नाही."

या ओळीचं उत्तर मी आज देत नाही.

वही पाठवत नाही. सापडत नाहीये असं समज. नको समजूस, सापडलेली आहे, माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तुला देत नाहीये.

धाकटी


२७ तारीख, गुरुवार
नोंदणी कार्यालयासमोर, पायरीवर

प्रिय दादा,

आईनं तुझी सभा काल पहिल्यांदा आवाज लावून बघितली. पाच मिनिटं. मग म्हणाली, "आवाज छान आहे," आणि बंद केला.

तुझ्या त्या ओळीचं उत्तर देते. मागे मी लिहिलं की मला नीट आठवत नाही. थाप होती. मला तो दिवस बाईंच्या लाल शाईसारखा आठवतो.

शनिवार होता. आई कामावर, बाबा टपालखात्यात दुसऱ्या पाळीला, टिंबीची आई हॉस्पिटलात. आपली सोळावी निवडणूक. मतपेटी बिस्किटांच्या डब्याची, आणि मतं मोजणारी मी, कारण वही माझी. पहिली चिठ्ठी उघडली: चप्पल. ती माझीच. दुसरी: पायरी. तिसरी: पायरी.

मी डबा उलटा करून झटकला. वाटलं, आत उशी अडकली असेल.

"तू फुटलास!" मी ओरडले.

तू म्हणालास, "अगं, उशी घेऊन कुठवर जाणार? पायरी बरी आहे की. बसू तरी सगळे."

तू आयुष्यात दिलेलं हे एकच मत मला माहीत आहे ज्याच्यात तुझा काही फायदा नव्हता. आणि टिंबी आनंदानं घरभर नाचली, "आपण जिंकलो! आपण जिंकलो!" मलाही धरून नाचवायला लागली. मला! मी हरलेली! ती मला माझ्याच पराभवात सामील करून घेत होती आणि तिला कळतही नव्हतं. मी हात झटकला. मला रडू येत होतं आणि तुमच्या दोघांसमोर रडायचं नव्हतं.

तेव्हा दार वाजलं. गणनेचा माणूस. काखेत लाकडी फळी, कानावर पेन्सिल, चपला दमलेल्या.

"मोठं कुणी आहे का घरात?"

"नाही," तू म्हणालास.

"बरं, तूच सांग. किती जण राहता इथे?"

तू तोंड उघडलंस. मी तुझ्याआधी बोलले.

"आम्ही चौघं."

टिंबी पायरीवर बसली होती, त्याच्या अगदी पायाशी. तिनं मान वर करून सांगितलं, "आपण सहा."

तो माणूस हसला. "आपण? म्हणजे मीपण इथेच राहतो का, पोरी?" आणि त्यानं चार लिहिले. तिनं खरं सांगितलं होतं आणि व्याकरण चुकलं होतं. मी खोटं सांगितलं होतं आणि माझं व्याकरण बिनचूक होतं. मग त्यानं तुला नाव विचारलं, तू मोठा म्हणून, आणि तू माझ्याकडे बघत बघत नाव सांगितलंस.

संध्याकाळी आईनं त्यानं दिलेली गणनेची चिठ्ठी बघितली. "चार कुणी सांगितलं?" तू म्हणालास, "मी." तिनं तुझ्या कानाखाली लगावली. मी कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक करत होते. केलं, मोडलं, परत केलं. पेन्सिल संपेपर्यंत करत बसले, पण तोंड उघडलं नाही. आई म्हणाली, उद्या जाऊन दुरुस्त करून येऊ. बाबा म्हणाले, राहू दे, पोटभाडेकरूंची चौकशी लागेल. तो उद्या काही आला नाही.

दीड वर्षानं ट्रक आला. गणनेच्या चिठ्ठीत नसलेल्यांना खाडीपलीकडे नेणार होते. टिंबीच्या आईनं गादीला दोरी बांधली. टिंबी मागच्या फळीवर बसून मला हात करत होती. काय म्हणाली, ते तू ऐकलंयस. "आपण चाललो गं!"

मी कुठे चालले होते? मी दारात उभी होते. घरातली, चौघांतली.

तर दादा, दोन पत्रं भरून मी तुझी टिंगल केली ती खोटी नाही. तुझा पक्ष म्हणजे तिच्या एका ओळीला चौसष्ट पानांची टोपी घालून लोकांसमोर नाचवणं आहे, आणि त्या तळटिपेबद्दल तर मी तुला म्हातारपणीसुद्धा टोचणार आहे. पण तुझी लबाडी चौसष्ट पानांची, माझी दोन शब्दांची. काना म्हणतात, मोठी चूक सगळ्यांना दिसते, लहान चूक छापली जाते.

काल अर्धा दिवस रजा काढून टिंबीबरोबर या कार्यालयात आले, आज परत आले. खिडकीतल्या कारकुनाला वही दिली, बाईंच्या पानावर खूण घालून. तो वाचायला लागला आणि वाचतच राहिला. उशीपाशी हसला. शेजारच्याला बोलावून म्हणाला, "हे बघ रे, सूर्य नऊला." मग माझं निवेदन घेतलं. मी लिहिलंय: "त्या दिवशी गणनेच्या माणसाला उत्तर देणारी मी होते, वय नऊ. दिलेली माहिती खोटी होती. त्या घरात आम्ही सहा जण राहत होतो."

"आम्ही म्हणजे कोण कोण?" त्यानं विचारलं.

मी बोटं मोजून सांगितलं. आई, बाबा, दादा, मी, टिंबी, टिंबीची आई. त्यानं परत मोजली.

"पण चिठ्ठीवर तर भावाचं नाव आहे."

"हो. त्यानं माझ्यासाठी अंगावर घेतलं होतं."

"मग त्यांना येऊन सही करायला सांगा. सही असली तर सोमवारी नाव लागेल. नाहीतर सुनावणीला जाईल प्रकरण, वर्ष-दीड वर्ष. तोवर ती वस्ती राहील की नाही, मी सांगू शकत नाही." त्यानं माझ्या सहीशेजारची जागा मोकळी ठेवली आणि पेन्सिलीनं बारीक फुली मारली.

तेव्हा वही आता सरकारी फायलीत आहे, तुझ्या प्रदर्शनाला मिळणार नाही. फाइल सार्वजनिक आहे, अर्ज केला तर कुणालाही बघता येते. मुलाखती घेणाऱ्यांनासुद्धा. ही धमकी नाही. माहिती देतेय. या वेळी खरी.

तू मला धमकी दिलीस, "मी अजून बोललेलो नाही" म्हणून. आता बोललास तरी चालेल. पण मला खरं विचारशील तर बावीस वर्षं तू ते बोलला नाहीस, आईसमोर नाही, बाबा आजारी होते तेव्हा नाही, आपली एवढी भांडणं झाली त्यांतही नाही. पहिल्यांदा बोललास ते पक्ष काढल्यावर. तेरा वर्षांचा असताना तू जास्त मोठा नेता होतास रे. त्या पोराला मी मत दिलं असतं.

सोमवारी साडेपाचला खिडकी बंद होते. बाह्या दुमडलेल्या असल्या तरी चालतील, फोटोवाला आणू नकोस.

कागद देऊन टिंबी आणि मी बाहेर आलो. या कार्यालयाला सात पायऱ्या आहेत. तिसरीवर ती थांबली, पदरानं धूळ झटकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपण जरा बसू या का?"

मी वाक्य मनात दोनदा तपासलं. चूक नव्हती.

ती शेजारी बसलीये, मी लिहितेय. काय लिहितेस म्हणून वाकून बघतेय. पायरी बरीच रुंद आहे.

सोळाव्या निवडणुकीचा निकाल मला मान्य आहे.

तुझी
डावखुऱ्यांचा पक्ष
(एक मत)